पाळीव बुटके हॅमस्टर व अनपेक्षित वेत

बुटके हॅमस्टर हे कृंतक गणातील, मुठीत मावतील एवढे लहान सस्तन प्राणी आहेत. मंगोलिया, सायबेरिया, कझाकस्तान आणि उत्तर चीन येथील गवताळ व निमवाळवंटी प्रदेश ही त्यांची मूळ भूमी होय. आता ते जगभर घरोघरी पाळले जातात. महाराष्ट्रात मुंबई-पुण्यापाठोपाठ सातारा, कराड, सांगली, मिरज अशा शहरांतही ते पाळलेले दिसतात. मराठीत त्यांना स्वतंत्र नाव नाही. बोलताना 'हॅमस्टर' किंवा सरसकट 'पांढरे उंदीर' असे म्हटले जाते. दुसरे नाव दिशाभूल करणारे आहे, कारण घरात शिरणारा उंदीर म्युरिडी कुळातील, तर हॅमस्टर क्रायसेटिडी कुळातील आहे. आखूड शेपूट आणि दाणे साठवण्यासाठी गालांच्या आत असलेल्या पिशव्या ही हॅमस्टरची ठळक ओळख आहे. साठवून ठेवणे या अर्थाच्या जर्मन क्रियापदाशी त्याच्या नावाचा संबंध जोडला जातो.

हा प्राणी पाळणाऱ्यांना सर्वाधिक अडचणीत टाकणारी घटना म्हणजे अनपेक्षित वेत. दुकानातून दोन प्राणी आणले जातात आणि काही आठवड्यांनी पिंजऱ्यात आठ आढळतात. ही घटना सहसा अपघात म्हणून सांगितली जाते. प्रत्यक्षात ती प्राणी जोडीने विकण्याच्या व जोडीनेच देण्याच्या प्रथेची परिणती असते.

जाती

पाळीव बुटक्या हॅमस्टरांत चार जाती प्रमुख आहेत. कॅम्पबेलचा हॅमस्टर (फोडोपस कॅम्पबेली) सर्वाधिक आढळतो. त्याची लांबी ८ ते १० सेंटिमीटर व वजन साधारण ३० ते ५० ग्रॅम असते. ब्रिटिश अधिकारी कॅम्पबेल यांनी १९०२ मध्ये मंगोलियात त्याचा नमुना गोळा केला व १९०५ मध्ये ओल्डफील्ड थॉमस यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. झुंगेरियन किंवा 'विंटर व्हाइट' (फोडोपस सुंगोरस) दिसायला त्याच्यासारखाच असतो. त्याचे वर्णन पीटर पलास यांनी १७७३ मध्येच केले होते. थंड प्रदेशात दिवस लहान होऊ लागले की त्याची फर पांढरी होते. सांगलीच्या अक्षांशावर सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान दिवसांत सुमारे दोन तासांचाच फरक असतो, शिवाय घरात रात्री दिवे जळतात. त्यामुळे हा रंगबदल आपल्याकडे अनेकदा अर्धवट राहतो किंवा होतच नाही. रोबोरोव्हस्की (फोडोपस रोबोरोव्हस्की) हा सर्वांत लहान, जेमतेम ५ सेंटिमीटरचा व अतिशय चपळ असतो. तो हातात धरण्यापेक्षा पाहण्याचाच प्राणी आहे. चौथा चिनी हॅमस्टर (क्रायसेट्युलस ग्रायसियस) सडपातळ असून त्याची शेपूट इतरांपेक्षा लांब असते. दुकानांत मिळणारा मोठा सोनेरी किंवा सीरियन हॅमस्टर बुटक्यांत मोडत नाही. तो पूर्णपणे एकलकोंडा असून प्रौढ झाल्यावर त्याला कोणाहीसोबत ठेवता येत नाही.

भारतात हॅमस्टर पूर्णतः परका नाही. काश्मीर-लडाखच्या उंच भागांत राखाडी हॅमस्टर रानात आढळतो. मात्र पाळीव जातींशी त्याचा संबंध नाही. पाळीव हॅमस्टरांचा एक धागा काळा आजार या भारतीयांच्या ओळखीच्या रोगापर्यंत जातो. १९२०च्या दशकात पेकिंगमध्ये चिनी हॅमस्टर आणि १९३० नंतर जेरुसलेममध्ये सीरियन हॅमस्टर या रोगाच्या संशोधनासाठी प्रयोगशाळांत वापरले गेले. प्रयोगशाळांतून हॅमस्टर पुढे घरांत आले. लवकर व भरपूर वितो म्हणून जो प्राणी संशोधकांना सोयीचा वाटला, तोच गुण घरात अडचणीचा ठरतो.

जोडीची प्रथा

पोपट, लव्हबर्ड, ससे, शोभेचे मासे हे सारे आपल्याकडे जोडीने घेण्याची रीत आहे. 'एकटा कसा राहील बिचारा' हा विचार त्यामागे असतो व तो वाईट हेतूने केलेला नसतो. दुकानदारही सहसा जोडीचाच भाव सांगतो. हॅमस्टरच्या बाबतीत मात्र या रीतीने तीन गोष्टी घडू शकतात.

पहिली, नर-मादी एकत्र आल्यास वेत ठरलेलेच. दुसरी, दोन्ही नर किंवा दोन्ही माद्या असल्या तरी त्यांचे पटेलच असे नाही. फोडोपस जातींतील एकाच वेतातील भावंडे काही काळ एकत्र राहतात, पण वयात आल्यावर भांडणे सुरू होतात व रक्त निघेपर्यंत जातात. चिनी हॅमस्टरच्या माद्या विशेष आक्रमक असतात. एकटा ठेवलेला बुटका हॅमस्टर दुःखी असतो, या समजुतीला आधार नाही. तिसरी गोष्ट कमी परिचित पण अधिक गंभीर आहे. कॅम्पबेल व विंटर व्हाइट या जाती ओळखण्यात दुकानात गल्लत होते आणि त्यांचा संकर होतो. मादी विंटर व्हाइट व नर कॅम्पबेल असेल, तर गर्भ व वार प्रमाणाबाहेर वाढतात, मादी अडते आणि बहुधा दगावते. उलट दिशेच्या संकरातून पिल्ले जन्मतात, परंतु त्यातील नर वंध्य असतात.

दुकानात आधीपासून एकाच पेटीत नर-मादी ठेवलेले असतात. त्यामुळे एकटी विकत आणलेली मादीही गाभण असू शकते. घरी आल्यापासून तीन आठवडे वेत झाले नाही, तरच ती रिकामी आहे असे धरावे.

नर-मादी ओळखणे

प्राणी हळूच उताणा धरून मूत्रद्वार व गुदद्वार यांतील अंतर पाहतात. मादीत ही दोन्ही छिद्रे जवळजवळ चिकटून असतात व पोटावर स्तनाग्रांच्या दोन रांगा दिसतात. नरात हे अंतर स्पष्टपणे अधिक असते, आणि प्रौढ नराच्या पोटावर मध्यभागी गंधग्रंथीचा पिवळसर ठिपका दिसतो. एकच प्राणी पाहून खात्री होत नाही. दोन-तीन शेजारी धरून तुलना केली की फरक लक्षात येतो. पिल्लांत ही तपासणी १५ दिवसांनंतर जमू लागते. रोबोरोव्हस्कीत ती इतकी अवघड असते की अनुभवी माणसेही चुकतात. हातात धरून पाहण्यापेक्षा पारदर्शक डब्यात ठेवून खालून मोबाइलने छायाचित्र काढणे प्राण्यालाही कमी त्रासाचे व पाहणाऱ्यालाही सोपे जाते.

निवारा, आहार व हवामान

लव्हबर्डसाठी विकल्या जाणाऱ्या पिंजऱ्यांच्या गजांतून बुटका हॅमस्टर सहज निसटतो आणि पिल्ले तर चालत बाहेर येतात. जाळीचे झाकण बसवलेली माशांची रिकामी काचपेटी किंवा वरून जाळी लावलेला मोठा प्लास्टिकचा खोका अधिक सुरक्षित ठरतो. तळाशी किमान वीतभर जाड बिछायत हवी, कारण बिळे करणे हा या प्राण्याचा स्वभाव आहे. छपाई नसलेल्या कागदाच्या बारीक पट्ट्या त्यासाठी उत्तम. लाकडाच्या वखारीतील भुशात कोणकोणती लाकडे मिसळली आहेत ते कळत नाही आणि त्याच्या धुळीने श्वसनाचे विकार होतात. ऊस पट्ट्यात सहज मिळणारी चिपाडेही धुळीची असतात व त्यांना लवकर बुरशी धरते. पळण्याचे चाक सलग पृष्ठभागाचे व १६ ते २० सेंटिमीटर व्यासाचे असावे. चाक लहान असेल तर प्राण्याची पाठ वाकते. अंग स्वच्छ करण्यासाठी हॅमस्टर वाळूत लोळतात. त्यासाठी चाळून, धुऊन, कडक उन्हात वाळवलेली वाळू चालते. त्यांना पाण्याने आंघोळ कधीही घालू नये.

आहाराची सोय या भागात सहज होते. ज्वारी, बाजरी, नाचणी, राळे, वरी यांचे मिश्रण हा मुख्य आहार ठरू शकतो. त्यास थोडे उकडलेले अंडे किंवा भाजलेले हरभरे, काकडीची चकती व अधूनमधून पालेभाजीचे पान यांची जोड द्यावी. सूर्यफुलाच्या बिया व शेंगदाणे चवीपुरतेच द्यावेत. कांदा, लसूण, लिंबूवर्गीय फळे, कच्चा बटाटा व चॉकलेट वर्ज्य आहेत. कॅम्पबेल व चिनी हॅमस्टरांत मधुमेहाची प्रवृत्ती असल्याने तासगावचे बेदाणे आणि गुळाचा खडा, हे लाडाने दिले जाणारे दोन्ही पदार्थ टाळणेच योग्य.

या प्राण्याचा येथील खरा शत्रू उन्हाळा आहे. त्याला १८ ते २४ अंश सेल्सिअस तापमान मानवते आणि ३० अंशांपुढे उष्माघाताचा धोका वाढतो. सांगली-मिरजेत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या आसपास जातो. साताऱ्यातही दुपारी पत्र्याखालची खोली असह्य होते. पेटी तळमजल्यावरील थंड खोलीत, उन्हाच्या झोताबाहेर ठेवावी. आत लपण्यासाठी मातीचे छोटे मडके पालथे घालून त्याला दार पाडले, तर ते आतून गार राहते. फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली पेटीलगत बाहेरून ठेवता येते. पंख्याचा थेट झोत मात्र नको. कृष्णाकाठच्या वस्त्यांत पावसाळ्याचाही विचार करावा लागतो. २०१९ व २०२१च्या महापुरांत सांगलीतील अनेक कुटुंबांना तातडीने घर सोडावे लागले. अशा वेळी हाताला लागेल असा हवेशीर छोटा डबा तयार असणे उपयोगी पडते.

वेताचे वेळापत्रक

कॅम्पबेल हॅमस्टरचा गर्भकाळ अवघा १८ ते २० दिवसांचा असतो, रोबोरोव्हस्कीचा सुमारे २२ दिवसांचा. एका वेतात साधारण चार ते सहा, कधी आठ-नऊ पिल्ले होतात. मादी व्यायल्यानंतर एका दिवसाच्या आत पुन्हा माजावर येते. नर जवळ असल्यास पहिली पिल्ले दूध पीत असतानाच पुढचे वेत पोटात असते. पिल्ले चौथ्या-पाचव्या आठवड्यात प्रजननक्षम होऊ शकतात आणि भावंडांचा किंवा आई-बापांचा विधिनिषेध त्यांना नसतो.

हिशेब करून पाहिला तर संकटाचे स्वरूप कळते. दर वीस दिवसांनी सहा पिल्ले धरली, तर शून्य, वीस व चाळीस या दिवसांना मिळून अठरा पिल्ले होतात. पहिल्या वेतातील तीन माद्या तिसाव्या दिवशी गाभण राहिल्या, तर पन्नासाव्या दिवशी आणखी अठरा. म्हणजे दोन महिने पुरे होण्याआधीच दोनाचे अडतीस होतात. यांतील काही मरतात, काही वेते लहान असतात, तरी दिशा हीच राहते.

म्हणून पिल्ले दिसताच पहिले काम म्हणजे नर वेगळा करणे. येथे एक अवघड निवड असते, कारण कॅम्पबेल हॅमस्टरचा नर हा चांगला बाप आहे. कॅनडातील क्वीन्स विद्यापीठातील संशोधकांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे नर प्रसूतीच्या वेळी पिल्लाला बाहेर ओढण्यास मदत करतात व त्याला चाटून स्वच्छ करतात असे नोंदवले आहे. असे असले तरी घरगुती पाळणुकीत मादी एकटीने पिल्ले वाढवू शकते. नर ठेवल्यास पुढचे वेत टळत नाही, तेव्हा त्याला काढणेच श्रेयस्कर. नर पिल्लांच्या जन्मानंतर काढला असेल, तर मादी पुन्हा गाभण आहे असेच गृहीत धरून पुढील तीन आठवड्यांची तयारी ठेवावी. इतक्या लहान शरीराला भूल देणे जोखमीचे असल्याने नसबंदीचा मार्ग सहसा वापरला जात नाही.

पिल्ले जन्मतः उघडी, गुलाबी, आंधळी व दोन ग्रॅमच्या आत वजनाची असतात. पहिले दहा ते चौदा दिवस घरट्याला हात लावू नये आणि बिछायत बदलू नये. शेजारपाजारच्या मुलांना दाखवण्याचा मोह तर निग्रहाने आवरावा. घाबरलेली, तहानलेली किंवा प्रथिने कमी पडलेली मादी पिल्ले खाऊ शकते. घरातील मुलांना हे दृश्य फार लागते आणि मग 'दुष्ट आई' अशी समजूत होते. दोष बहुतेक वेळा माणसांच्या वर्दळीचा असतो. मादीला या काळात रोज थोडे उकडलेले अंडे व सतत पाणी हवे. पाण्याची नळी पिल्लांच्याही तोंडाशी येईल इतकी खाली असावी. आठवड्याभरात फर येऊ लागते, दहा ते चौदा दिवसांत डोळे उघडतात व पिल्ले दाणे कुरतडू लागतात. अठरा ते एकवीस दिवसांत अंगावरचे दूध सुटते. एकविसाव्या दिवशी नर व माद्या वेगवेगळ्या पेट्यांत गेल्याच पाहिजेत. या दिवसाची चालढकल हेच दुसऱ्या अनपेक्षित वेताचे नेहमीचे कारण आहे. जन्माची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवणे हा साधा उपाय यात फार मोलाचा ठरतो.

घरे शोधणे

पिल्ले चौथ्या-पाचव्या आठवड्यात नव्या घरी देता येतात, पण शोध जन्माच्या आठवड्यातच सुरू करावा लागतो. मोठ्या शहरांत प्राणी दत्तक देणाऱ्या संस्था असतात. तालुक्याच्या गावी सहा हॅमस्टर घेणारी संस्था सापडणे कठीण, त्यामुळे सारा भार ओळखीपाळखीवर पडतो. पशुवैद्यकाचा दवाखाना, गृहसंकुल, कार्यालय, नातेवाईक, मुलांचे मित्र अशी ही साखळी असते. वडीलधाऱ्यांचा 'घरात उंदीर नको' हा विरोध अनेकदा आडवा येतो. गणपतीचे वाहन म्हणून तो मावळतो असेही घडते, परंतु नाइलाजाने दिलेली संमती टिकाऊ नसते. घरातील कर्त्या माणसाशी प्रत्यक्ष बोलणे झाल्याशिवाय पिल्लू देऊ नये.

देताना सर्वांत महत्त्वाचा नियम म्हणजे जोडी न देणे. घेणारा हमखास जोडीच मागतो. त्याला एकच प्राणी द्यावा, किंवा पेट्या दोन असल्याची खात्री करून एकाच लिंगाची दोन भावंडे द्यावीत. अन्यथा सहा घरे मिळाल्याचे समाधान दोन महिन्यांत त्या सहा घरांच्या अडचणीत रूपांतरित होते. पिल्लासोबत जात, लिंग, जन्मतारीख व सध्याचा आहार लिहिलेली चिठ्ठी द्यावी. आठवडाभर पुरेल इतके तेच धान्य आणि जुन्या बिछायतीचा मूठभर भागही द्यावा, म्हणजे ओळखीच्या वासामुळे प्राणी लवकर स्थिरावतो.

पूर्णपणे फुकट देण्यात एक धोका आहे. परदेशी अजगर किंवा तत्सम मांसाहारी प्राणी पाळणारे लोक फुकटचे हॅमस्टर खाद्य म्हणून नेऊ शकतात. पेटी, चाक व दाण्याची सोय आधी दाखवण्यास सांगणे किंवा नाममात्र रक्कम घेणे हे त्यावरील परिणामकारक उपाय आहेत. सर्वच्या सर्व पिल्ले एकदम मागणाऱ्याविषयी सावध राहिलेले बरे. दुकानाला परत देणे हा सोपा मार्ग वाटतो, पण तेथे पिल्ले पुन्हा एकत्र पेटीत जातात व पुन्हा जोडीने विकली जातात.

शाळेच्या वर्गात पिल्लू देण्याची कल्पना वरचेवर पुढे येते. मुलांना निरीक्षणाची संधी मिळते हे खरे. पण हा प्राणी दिवसा झोपतो, उठवल्यास चावतो आणि शाळा सुटल्यावर जागा होतो. दिवाळी व मे महिन्याच्या सुट्टीत तो कोणाच्या घरी जाणार, हे नाव आधी ठरलेले नसेल तर वर्ग हे त्याचे घर नव्हे. अगदी लहान मुले असलेल्या घरीही चिमुकला, चपळ रोबोरोव्हस्की देणे टाळावे. कृंतकांपासून क्वचित पसरणाऱ्या एका मेंदूज्वराच्या विषाणूमुळे गर्भवती स्त्रियांनी हॅमस्टर व त्याची बिछायत हाताळू नये असा वैद्यकीय सल्ला आहे. घर निवडताना हेही विचारावे लागते.

साताऱ्याचे पिल्लू सांगलीला किंवा उलट पाठवायचे झाल्यास प्रवास सुमारे १२० किलोमीटरचा आहे. दोन्ही शहरे पुणे-मिरज लोहमार्गावर आहेत. झाकणाला भोके पाडलेला कडक प्लास्टिकचा डबा, त्यात भरपूर बिछायत आणि सांडणाऱ्या पाण्याऐवजी काकडीची जाड चकती एवढी तयारी पुरते. पुठ्ठ्याचा खोका कुरतडला जातो. उन्हाळ्यात पहाटेचा प्रवास करावा, आणि डबा बंद मोटारीत क्षणभरही एकटा ठेवू नये.

सोडून देणे व कायदा

घर न मिळाल्यास पिल्ले माळावर किंवा शेतात 'मोकळी' सोडण्याचा विचार काहींच्या मनात येतो. पिढ्यान्‌पिढ्या पेटीत वाढलेला, पिवळसर किंवा पांढऱ्या फरीचा हा प्राणी उघड्यावर मांजर, घुबड, साप किंवा नुसत्या उन्हाला बळी पडतो, तोही बहुधा एक-दोन दिवसांतच. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार उपासमार किंवा तहानेने यातना होतील अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण टाकून देणे हा गुन्हा आहे. पाळीव प्राण्यांच्या दुकानांविषयीच्या २०१८ च्या केंद्रीय नियमांत पाळीव प्राण्यांच्या व्याख्येत हॅमस्टरचा स्पष्ट उल्लेख असून दुकानांना राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी बंधनकारक आहे. ऑस्ट्रेलियात हॅमस्टर पाळण्यासच बंदी आहे. सुटलेले प्राणी रानात वाढतील ही तेथील भीती आहे.

टाकून दिलेल्या हॅमस्टरांना घरे मिळू शकतात याचे अलीकडचे उदाहरण हाँगकाँगचे आहे. जानेवारी २०२२ मध्ये एका दुकानातील हॅमस्टरांत कोविड-१९ चा विषाणू आढळल्यावर सरकारने सुमारे २,००० लहान प्राणी मारण्याचा निर्णय घेतला आणि घरचे हॅमस्टरही आणून देण्यास सांगितले. त्या वेळी अनेक नागरिकांनी पुढे येऊन सोडून दिलेल्या प्राण्यांना तात्पुरता आसरा दिला.

आजारी पिल्लांसाठी उपचार मिळवणे ग्रामीण भागात सोपे नाही, कारण बहुतांश पशुवैद्यकांचा सराव गाई-म्हशी, शेळ्या व कुत्र्यांवरचा असतो. सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. लहान कृंतकांवर उपचार करणारे पशुवैद्यक सहसा पुण्यात शोधावे लागतात. बुटक्या हॅमस्टरचे आयुष्य दीड ते दोन वर्षांचे, रोबोरोव्हस्कीचे तीन वर्षांपर्यंतचे असते. त्यामुळे घर न मिळालेली दोन-तीन पिल्ले वेगवेगळ्या पेट्यांत स्वतःच सांभाळणे अनेक कुटुंबांना अखेरीस शक्य होते. जागा मात्र आई धरून प्रत्येकाला स्वतंत्र लागते.